फक्कीच्या रेषा

लोक विचारतात, बाई, तुम्ही आता सभेला काहून येत नाही? मी सांगते, गुडघे दुखतात, विहाराच्या पायऱ्या चढवत नाहीत. हे साफ खोटं आहे. शाळेत मी रोज दोन मजले चढते-उतरते आणि मधल्या सुट्टीत पोरांच्या मागे धावतेसुद्धा. पण गुडघ्यांचं नाव घेतलं की लोक पुढे विचारत नाहीत, म्हणून चाललंय. पूर्वी कोणी सभेला दांडी मारली की मीच त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. घरात बसून वस्ती सुधारणार का हो, असं चारचौघांत विचारायची. माझ्या तोंडाला सगळे भ्यायचे, माझा नवरा धरून. आता ते तोंड मी बंद ठेवते, आणि का ठेवते ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

जरीपटक्याच्या पलीकडे आमची वस्ती. मिलमध्ये कामाला असलेल्या माणसांनी वसवलेली, माझे सासरे त्यातलेच. रिकाम्या सरकारी जागेवर त्यांनी दोरी धरून प्लॉट पाडले, प्रत्येकाच्या कोपऱ्यांवर दगड पुरले आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी गल्ली सोडली. कागद कोणाकडेच नव्हता. दगड हाच कागद. पुढे पोरं वाढली, सुना आल्या, मिल बंद पडली, आणि जो तो आपला दगड ओलांडून गल्लीत सरकला. कोणी ओटा काढला, कोणी संडास, कोणी दुकान. आम्हीही सरकलो. माझ्या स्वयंपाकघराचा चार फूट भाग दगडाच्या बाहेर आहे. तो मीच हट्टानं बांधून घेतला होता. नवरा नको नको म्हणत होता, पण मला धड उभं राहून पोळ्या लाटायच्या होत्या.

सासूबाईंना अटॅक आला तेव्हा अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत येईना. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून त्यांना बाहेर न्यावं लागलं. वाटेत खुर्ची दोन ठिकाणी अडकली, तिरकी करून काढावी लागली. सासूबाई गाडीपर्यंत पोचल्या, दवाखान्यापर्यंत नाही पोचल्या. खुर्ची अडकली त्यातली एक भिंत माझ्याच स्वयंपाकघराची होती. हे मला कोणी बोलून दाखवलं नाही. नवऱ्यानंही नाही. पण पुढे कित्येक महिने मी त्या ओट्यापाशी उभी राहून कणीक मळताना मनातल्या मनात स्वतःला शिव्या द्यायची.

अशा वेळी वकीलसाहेब आमच्या वस्तीत यायला लागले. तरुण माणूस, जवळच्याच मोहल्ल्यातला, स्कूटरवर यायचा आणि विहारात जमिनीवर अंथरलेल्या दरीवर आमच्याबरोबर मांडी घालून बसायचा. पट्ट्यांचं आश्वासन आम्हाला नवीन नव्हतं. पट्टा म्हणजे घराच्या जागेचा मालकीचा कागद. दर निवडणुकीला कोणीतरी येऊन सांगायचं, फाइल पुढे गेली आहे. ती फाइल एवढी पुढे गेली होती की आतापर्यंत दिल्ली ओलांडून हिमालयात पोचायला हवी होती. वकीलसाहेब मात्र असलं काही बोलले नाहीत. ते म्हणाले, आपण का अडकतो माहीत आहे? आपण लपवतो म्हणून. साहेब मोजायला आला की आपण त्याच्या हातापाया पडतो आणि मग तो आपल्याला नाचवतो. त्याऐवजी वस्तीनंच आपलं खरं सांगून टाकलं तर? प्रत्येकानं आपल्या मूळ दगडावर रेषा मारायची, बाहेरचं बांधकाम बाहेरचं म्हणून कबूल करायचं. मग सगळ्यांनी मिळून सारखं मागे सरकायचं. गल्ली रुंद होईल, नाली होईल, प्रत्येकाला पट्टा मिळेल. ज्याचं पोटच बाहेरच्या भागावर आहे त्याला कोपऱ्यावर गाळा बांधून देऊ. आणि यादी कुठल्या कपाटात नाही, इथे विहाराच्या भिंतीवर लागेल.

मी तर पुरती पागल झाले. दुसरा शब्दच नाही. आयुष्यभर वर्गात पोरांना खरं बोला, खरं बोला सांगत आलेली बाई मी, आणि इथे एक शिकलेला माणूस सांगत होता की त्या खऱ्यानं गल्ली रुंद होते. वकीलसाहेब निवडणुकीला उभे राहिले तेव्हा मी शाळा सुटली की पर्स तशीच खांद्याला अडकवून प्रचाराला जायची. पायांना भेगा पडल्या. घरी भाजी करपली, नवरा निमूटपणे करपलेली भाजी खायचा. साहेब निवडून आले त्या संध्याकाळी मी विहाराच्या अंगणात उभी राहून रडले. लग्नातसुद्धा रडले नव्हते.

आता चक्कीवाल्या काकूंबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यांच्यावरच आलं. आमच्या समोरच्या ओळीत, तिरक्या बाजूला त्यांचं घर. पुढच्या खोलीत पिठाची चक्की. नवरा वारला तेव्हा लोक म्हणाले, विकून टाका. काकूंनी विकली नाही. चक्कीच्या दगडांना टाकी लावायला माणूस बोलवावा लागतो, तेही काम त्या स्वतः शिकल्या. छिन्नी-हातोडी घेऊन, चष्म्यावर पीठ साचलेलं, अशा बसलेल्या दिसायच्या. अर्धी वस्ती त्यांच्याकडे दळायची. डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर खडूनं खूण. अंगठा देणाऱ्या काकूंना मी सही शिकवली होती, रोज संध्याकाळी चक्की बंद झाल्यावर अर्धा तास. सही आली त्या दिवशी त्यांनी ती पिठानं माखलेल्या भिंतीवर बोटानं काढून दाखवली होती. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, बाईच म्हणायच्या. सरकारी मोजणीचं पक्कं झालं आणि मी घरोघर सांगत फिरले, तेव्हा त्यांच्या दारात मी सगळ्यात शेवटी गेले. का ते मला ठाऊक होतं.

"काकू, रविवारी रेषा मारायच्या."

"माही रेषा कुठून जाते, तुमाले माहीत आहे ना बाई? चक्कीची खोली पुरीच बाहेर पडते."

"पडू द्या. कोपऱ्यावर गाळा मिळणार आहे तुम्हाला. रस्त्यावरची गिऱ्हाइकंही येतील."

"कोनं सांगतलं?"

"साहेबांनी. भर सभेत सांगितलं, तुम्ही होत्या ना."

"त्याईनं सांगतलं ते ऐकलं मी. तुमी सांगता का? तुमी सांगत असान तर मारा."

"मी सांगते," मी म्हणाले. एका क्षणाचाही विचार केला नाही. एवढी खात्री मला माझ्या पगाराचीही कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी मी शाळेतून दोन पोती फक्की आणली, मुख्याध्यापकांना विचारून. खो-खोचं मैदान आखायला आम्ही वापरतो ती पांढरी भुकटी. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना सगळे दगड पाठ होते. ते काठीनं दाखवायचे, पोरं सब्बल घेऊन खणायची, दगड सापडला की मी फक्की सोडत जायची. घरातून रेषा जात असेल तर आत फरशीवर फक्की आणि बाहेर बाजूच्या भिंतीवर एक उभा पांढरा पट्टा, म्हणजे मोजणाऱ्याला बाहेरूनच कळावं. सगळ्यात पहिली रेषा मी माझ्या घरात मारली. माझ्या स्वयंपाकघराच्या मधोमध, गॅसच्या पुढ्यातून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंची रेषा त्यांच्या घराच्या आणि चक्कीच्या खोलीच्या मधल्या उंबऱ्यावर आली. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि वाकून रेषेवरचा खडा बाजूला केला, रेषा वाकडी जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले आले तेव्हा मी शाळेत परीक्षेच्या कामावर होते. संध्याकाळी आले तर सगळं आटोपलं होतं. माझ्या फरशीवरची रेषा सकाळीच पुसलेली दिसली होती, पण स्वयंपाकघरात फक्की टिकते थोडीच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. भिंतीवरचा पट्टा बघायला मी बाहेर गेलेच नाही. उलट त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, बघा, आता आपलं पोरांना सांगायला तोंड राहील. तो म्हणाला, हौ.

दोन-अडीच महिन्यांनी यादी लागली. विहाराच्या भिंतीवरच लागली, दिलेला शब्द तेवढा पाळला. शेवटचा रकाना होता, जादा बांधकाम. मी माझ्या घराची ओळ शोधली. पुढे लिहिलं होतं, निरंक. म्हणजे जादा काहीच नाही. मला वाटलं टायपिंगची चूक. मग खाली खाली वाचत गेले. निरंक. निरंक. निरंक. गल्लीच्या तोंडाशी एका ठेकेदाराचं घर आहे, त्यानं निम्मी गल्ली गिळली आहे, त्याच्या पुढेही निरंक. अख्ख्या गल्लीत फक्त सात घरांपुढे वेगळं लिहिलं होतं, जादा बांधकाम, स्वतः मान्य. त्या सातांत काकू होत्या. माझ्या शेजारी उभं राहून लोक वाचत होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मी तशीच तरातरा साहेबांच्या ऑफिसात गेले. आता दरी नव्हती, खुर्च्या होत्या, आणि आत जायच्या आधी बाकड्यावर बसावं लागत होतं. त्यांनी मला चहा सांगितला. नेहमीसारखेच नम्र होते.

"साहेब, यादी चुकली आहे. माझं घर चार फूट बाहेर आहे."

"ताई, तुमचं तर निरंक आहे. मग तक्रार काय?"

"तक्रार हीच. खरं सांगणाऱ्या सात जणांचंच नाव लागलंय. आणि गाळा कुठे आहे काकूंचा?"

"गाळ्याचं बघू. ते एकट्या माझ्या हातात नसतं."

"तुम्ही भर सभेत म्हणाला होतात."

"सभेत आपण दिशा सांगतो, ताई. बाकी नंतर ठरतं." ते मोबाईलवर काहीतरी बघत होते. मग वर बघून जरा हळू आवाजात म्हणाले, "आणि एक सांगू का? लेखी कबूल करा असं मी कोणाला म्हटलं नव्हतं. रेषा तुम्ही मारल्या."

मला त्यांच्या तोंडावर तो चहा फेकावासा वाटला. फेकला नाही, प्यायलेही नाही. आजही वाईट याचं वाटतं की तो माणूस बदमाश दिसत नव्हता. बदमाश असता तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. तो फक्त दमलेला दिसत होता, आणि त्याला मी नकोशी झाले होते. त्याच्या दरीवर बसण्यावर मी एवढी भाळले होते, आणि माझी अक्कल किती ते मला त्या बाकड्यावर कळलं.

नवरा सीताबर्डीला साड्यांच्या दुकानात काम करतो. दिवसभर उभं राहून घड्या उलगडायच्या आणि परत घालायच्या. तो संध्याकाळी घरी आला, चपला काढल्या, तोवर मी विचारलं.

"अहो, आपलं निरंक कसं आलं?"

तो खुर्चीवर बसला. पाणी प्यायला. "मी पुसली," म्हणाला.

"काय पुसली?"

"रेषा. मोजणीच्या दिवशी, पहाटं. तू आंघोळीले गेली होती. फरशी पुसली, भिंतीवरचा पट्टा धुतला, आन पोत्यात फक्की उरली होती ती पुढच्या भिंतीपाशी मारून देल्ली."

बावीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"काहून पण?"

"तुले वस्ती सुधारायची होती. मले घर राखायचं होतं. दिवसभर उभा राहतो मी तिथं, पाय पाहिले का तू माहे कधी?" तो चिडला नव्हता. "आन एकट्या मीच थोडी पुसली. गल्लीतल्या सगळ्याईनं पुसली. तुलेच तेवढं माहीत नाही."

"सगळ्यांनी कुठे? सात जणांनी नाही पुसली."

"हौ," तो म्हणाला. "ज्याईले तू जास्त पटवलं, त्याईनं नाही पुसली."

त्या दिवशी मी जेवले नाही. ताट भिंतीवर आपटलं, स्टीलचं होतं, काही झालं नाही. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच स्वयंपाकघरात, त्याच चार फुटांत उभी राहून त्याचा डबा भरला. मनात म्हणत होते की उद्या साहेबांकडे लेखी देईन, माझी रेषा खोटी आहे म्हणून. उद्या शाळेत पालकसभा निघाली. मग परवा. मग त्या सात घरांना नोटिसा आल्या आणि काकू कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"वाचा बाई. का लिवलं आहे?"

मी वाचून दाखवलं. पंधरा दिवसांत जादा बांधकाम काढून घ्यावं, अन्यथा पाडण्यात येईल. हरकत असल्यास सुनावणीला यावं. काकूंनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "मंग हरकत लिवून द्या."

मी लिहून दिलं. रात्रभर नाही, तासाभरात लिहिलं, मला असले अर्ज तोंडपाठ होते. लिहिलं की रेषा वस्तीतल्या लोकांनी हातानं मारल्या आहेत, त्या पक्क्या धरता येत नाहीत, सबब संपूर्ण गल्लीची पुन्हा मोजणी व्हावी. अर्ज चांगला होता. पुन्हा मोजणी झाली असती तर सगळ्यांचंच बाहेर निघालं असतं, ठेकेदाराचंही. मग एकट्या काकूंची खोली पाडायची हिंमत कोणाला झाली नसती. अख्खी गल्ली पाडता येत नाही, मतं असतात त्यात. खाली काकूंनी सही केली, मी शिकवलेली.

सुनावणीला आम्ही दोघी गेलो. अधिकारी वयस्कर होते, बोलायला चांगले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"रेषा कोणी मारल्या?"

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही काय करता?"

"शिक्षिका आहे."

"स्वतःच्या घराची रेषाही तुम्हीच मारली?"

"हो."

त्यांनी यादीवर बोट फिरवलं, माझी ओळ काढली. "मोजणीत तुमचं निरंक आहे. म्हणजे तुम्ही मारली तिथेच तुमची रेषा आमच्या माणसांना मिळाली ना? तिच्यात काही फरक नाही?"

प्रश्न एवढाच होता. मी नाही म्हणाले असते, सांगितलं असतं की साहेब, माझ्या घरची रेषा पुसून नवीन मारली गेली आहे, तर अर्ज तिथेच खरा ठरला असता. रेषांवर भरवसा ठेवता येत नाही याचा पुरावा मीच होते. माझ्या बाजूच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. नवीन लुगडं नेसून आल्या होत्या आणि हात मांडीवर जुळवून ठेवले होते. नखांत पीठ होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी लपवणार नाही. स्वयंपाकघर आलं. नवऱ्यावर खोटेपणाची केस होईल का, हे आलं. शाळेत कळलं तर, हे आलं. वस्तीत लोक म्हणतील, सगळ्यांना खरं बोलायला लावलं आणि बाईच्याच घरात चोरी, हे सगळ्यात जास्त आलं. आणि मग एक विचार आला, फार शहाणा आणि थंड. बोलून तरी काय होणार आहे? हे लोक ठरवूनच बसलेत. कोणी आला तरी असंच होतं, याच्या आधीही असंच झालं, यापुढेही असंच होईल. यादी लागल्यापासून साहेबांवरचा, सरकारवरचा माझा विश्वास उडत चालला होता आणि मी त्याचं दुःख करत होते. त्या खुर्चीवर तोच उडालेला विश्वास माझ्या कामी आला.

"हो," मी म्हणाले. "तिथेच होती."

"झालं तर मग," ते म्हणाले, आणि अर्जावर काहीतरी लिहिलं. "स्वतःची रेषा इतकी बरोबर मारणाऱ्या बाईंनी दुसऱ्याची चुकीची कशी मारली असेल?"

बाहेर आलो. उन्हात थोडं चाललो, मग काकू म्हणाल्या, चला बाई, ऑटो पाहू.

पाडायला आले त्याच्या आदल्या दिवशी काकूंनी चक्की सकाळपासून चालवली. जेवढे डबे ओळीत होते तेवढे सगळे दळले. ज्वारी, गहू, कोणाची डाळ. घरोघर निरोप पाठवला, आपापला डबा घेऊन जा. लोक आले, मान खाली घालून डबे उचलून गेले. पुढल्या सकाळी बुलडोझर गल्लीच्या तोंडाशी आला आणि तिथेच थांबला, कारण तोही आत शिरत नव्हता. मग माणसांनी घण घेऊन खोली फोडली. चक्कीचा चौथरा सिमेंटचा, बोल्ट गंजून पक्के बसलेले. काकू पान्हा घेऊन एकेक बोल्ट स्वतः सोडवत होत्या. माणसांना म्हणत होत्या, थांबा गा जरा, दगड फुटन. तीन बोल्ट निघाले. चौथा निघेना, त्यांनी त्याला तेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, दोन्ही पाय टेकवून ओढलं. शेवटी एक माणूस पुढे आला, म्हणाला, आजी, सरका, आणि घण घातला. दगडाचे दोन तुकडे झाले. मी माझ्या दारात उभी होते. साहेबांना चार वेळा फोन लावला, बंद होता. बाकीच्या सहा घरांचे ओटे, संडास दुपारपर्यंत पडले. गल्ली तिथे तिथे रुंद झाली आणि पुढे परत अरुंद, त्याचा कोणाला काही उपयोग नाही. गाळा जिथे होणार होता त्या कोपऱ्यावर पुढे स्वागत कमान झाली. अँब्युलन्स आजही बाहेरच थांबते.

पट्टेवाटपाचा कार्यक्रम मोठा झाला. मांडव, लाऊडस्पीकर, सगळं. माझं नाव पुकारलं तेव्हा नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. मी गेले. साहेबांनी माझ्या हातात पट्टा दिला आणि माइकवर म्हणाले, या ताईंनी वस्तीला प्रामाणिकपणा शिकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी रेषा पुसल्या होत्या त्यांनी जास्त जोरात वाजवल्या. पट्ट्यात माझं स्वयंपाकघर पूर्ण आहे, चार फुटांसकट.

काकूंनाही पट्टा मिळाला, मागच्या दोन खोल्यांचा. पण मागच्या खोल्यांत बसून त्या काय करणार? काही महिने घरोघरी पापड-कुरडया करून बघितलं. मग काटोलला दिलेल्या लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. जायच्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. मी पोळ्या करत होते. त्यांना आत बोलावलं, पाट दिला, पण त्या बसल्या नाहीत. ओट्याला हात टेकून उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघर चारी बाजूंनी बघितलं, जणू पहिल्यांदाच आल्या होत्या.

"चांगलं आहे वं बाई तुमचं," त्या म्हणाल्या. "उजेड आहे."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय. माझी रेषा..."

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "तुमचे मालक भिंत धुऊन राहिले होते तवा मी चक्कीचं शटर उघडून राहिली होती. समोरच तं होती. पाहिलं मी."

तव्यावरची पोळी करपली. "म्हणजे सुनावणीच्या आधीपासून? मग तुम्ही तिथे बोलल्या काहून नाही, काकू? एक शब्द बोलल्या असत्या तर तुमची चक्की..."

त्यांनी गॅस बंद केला. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत असताना ते गप्प बसलं की मी त्याच्याकडे जशी बघते, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मले वाटलं, तुमीच बोलसान," त्या म्हणाल्या. "म्हून थांबली मी."

गल्लीच्या तोंडाशी ऑटोवाला हॉर्न देत होता. त्यांनी पदर सारखा केला, येते म्हणाल्या, आणि गेल्या. मी करपलेली पोळी तव्यावरून काढली.